पिरॅमिड पाठ करू नकोस, आधी ओळींचा तक्ता मांड

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता बेळगावात बीसीए या संगणकाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. सी लँग्वेजमध्ये एक लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, कळतो, पण लूपच्या आत लूप आला की डोकं चालत नाही. स्टारचा त्रिकोण, पिरॅमिड असे प्रोग्रॅम पाठ केलेत. लॅबच्या परीक्षेत आकार थोडा बदलून आला की हात थांबतो. हे समजून घ्यायचं कसं?

मी बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीसीएच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. खानापूर, नंदगड, येळ्ळूर, निपाणी, पलीकडच्या चंदगडहूनही मुलं येतात आणि पहिल्या सेमिस्टरला त्यातली बरीचशी नेमकी इथंच अडतात. मराठी माध्यम हे त्याचं कारण नाही, ते मनातून काढून टाक. पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली मुलंही याच जागी थांबतात. पुस्तकात तयार प्रोग्रॅम दिसतो, त्याच्या खाली छापलेला आकार दिसतो, आणि या दोन्हींच्या मधली पायरी कुणी कागदावर उतरवून दाखवत नाही. ती पायरी म्हणजे एक छोटा तक्ता: कितव्या ओळीत काय, किती वेळा. तो मांडता आला की लूप लिहिणं म्हणजे त्यातले आकडे जागच्या जागी उतरवणं. तो न मांडता लूप लिहायला बसलं, तर पाठांतराशिवाय दुसरा आधार उरतच नाही.

आधी छपाई कशी होते ते बघ. कर्सर डावीकडून उजवीकडे सरकतो. ‘नवी ओळ’ म्हटलं की खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. साध्या छपाईत तो वर परत येत नाही. आपल्या डोळ्यांना पिरॅमिड एकदम दिसतो, मध्ये शेंडा आणि दोन्हीकडं उतार. संगणकाला शेंडाही माहीत नाही आणि उतारही नाही. त्याला एवढंच सांगता येतं, की या ओळीत आधी चार स्पेस, मग एक स्टार, आता पुढची ओळ. म्हणून आकाराकडं बघताना तो उभा किंवा तिरका वाचायची सवय मोडावी लागते. तो आडवा वाचायचा, एकेक ओळ.

वडगाव, खासबाग, शहापूर भागात तुझी कुणी मैत्रीण असेल आणि तिच्या ओळखीत जकार्ड लावलेला माग असेल, तर तो एकदा जवळून बघून ये. नक्षीसाठी त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. त्या फेरीला ताण्यातले, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलायचे, एवढंच त्या कार्डावर असतं. पदरावर मोर उतरतो, पण मागाला मोर माहीत नसतो. धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो, कापड धाग्याएवढं पुढं सरकतं, पुढचं कार्ड येतं. धोट्याची आडवी फेरी हा आतला लूप, कापड पुढं सरकणं हा बाहेरचा. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हा माग आणला आणि पुढं इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं ॲनालिटिकल इंजिन या आपल्या गणनयंत्राला सूचना द्यायला अशाच भोकांच्या कार्डांची योजना केली. तेव्हा हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही. तुझा तक्ता म्हणजे ती कार्डांची माळ.

आता सगळ्यात सोपा त्रिकोण घे. एन म्हणजे ओळींची संख्या, इथं ५.

*
**
***
****
*****

पहिल्या ओळीत १ स्टार, दुसऱ्या ओळीत २, पाचव्या ओळीत ५. ओळीचा नंबर तोच स्टारचा आकडा. प्रोग्रॅम मी मराठी शब्दांत मांडते. ‘ओळ’ म्हणजे तुझ्या पुस्तकातला आय, ‘कॉलम’ म्हणजे जे. सी असो, जावा असो, पायथन असो, मांडणी हीच राहते.

ओळ = १ ते एन
    कॉलम = १ ते ओळ
        स्टार छाप
    नवी ओळ

यातली दुसरी ओळ नीट बघ. चौकोन छापायचा असता तर तिथं ‘१ ते एन’ आलं असतं, म्हणजे प्रत्येक ओळीत सारखेच स्टार. त्रिकोणात आतल्या लूपची मर्यादा बाहेरच्या लूपच्या हातात दिली आहे. दोन लूपमधलं सगळं नातं एवढंच आहे. बाहेरचा लूप सांगतो ‘आपण आता तिसऱ्या ओळीवर आहोत’, आणि आतला त्यावरून ठरवतो की किती वेळा फिरायचं. बाहेरचा एक पाऊल टाकतो तेवढ्यात आतला आपली पूर्ण फेरी संपवतो. आणि दर वेळी तो नव्यानं १ पासून सुरू होतो, मागच्या ओळीत जिथं थांबला होता तिथून नाही.

‘नवी ओळ’ कुठं लिहिली आहे तेही बघ: आतल्या लूपच्या बाहेर, पण बाहेरच्या लूपच्या आत. ओळ भरून झाल्यावरच खाली जायचं.

एन ३ घेऊन हे एकदा वहीत हातानं चालव. ओळ १ असताना कॉलम १, एक स्टार. कॉलम २ झाला, पण २ हा १ पेक्षा मोठा, म्हणून आतला लूप सुटला. नवी ओळ. ओळ २ झाली, कॉलम पुन्हा १. असं शेवटपर्यंत. कंटाळवाणं वाटेल, तरी एकदा कर. दोन-तीन आकारांनंतर याची गरज पडणार नाही.

उलटा त्रिकोण घेतला की मुलं पहिल्यांदा गोंधळतात. स्टार आहेत ५, ४, ३, २, १. ओळीचा नंबर वाढतो आणि स्टार कमी होतात, मग सूत्र काय? इथं मी वर्गात एक युक्ती वापरायला लावते आणि ती जवळजवळ सगळ्या आकारांना चालते. आधी बघायचं, एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना आकडा कितीनं बदलतो. इथं प्रत्येक वेळी १ नं कमी होतो, म्हणजे फरक उणे १. मग पहिल्या ओळीच्या वर एक न छापलेली ओळ आहे असं धरायचं, शून्यावी ओळ. तिथं किती स्टार आले असते? ५ च्या वर ६. आता सूत्र तयार झालं: शून्याव्या ओळीचा आकडा, अधिक फरक गुणिले ओळ. म्हणजे ६ वजा ओळ. दहावीला अंकगणिती श्रेढी शिकलीस, पहिलं पद आणि साधारण फरक, तेच हे. फक्त पहिल्या पदाऐवजी शून्यावं पद घेतलं की सूत्रातला ‘एन वजा एक’चा कंस निघून जातो आणि चूक व्हायला जागा कमी राहते.

पण थांब, ६ वजा ओळ हे फक्त ५ ओळींच्या आकाराला चालेल. परीक्षेत एन वापरणारा देणार. हा ६ म्हणजे एन अधिक १ की आणखी काही, हे एका तक्त्यावरून कळत नाही. म्हणून तक्ते दोन मांडायचे, एक एन ५ साठी आणि एक एन ४ साठी. ४ ओळींच्या उलट्या त्रिकोणात शून्याव्या ओळीचा आकडा ५ येतो. ५ ला ६, ४ ला ५, म्हणजे एन अधिक १. सूत्र झालं एन अधिक १ वजा ओळ. दुसरा तक्ता मांडायला दोन मिनिटं लागतात आणि तो न मांडल्यामुळंच कितीतरी उत्तरपत्रिकांत सूत्रात ६ हा आकडा तसाच राहिलेला असतो. एन ७ दिला की आकार मोडतो.

आता पिरॅमिड, जो तू पाठ केला आहेस.

    *
   ***
  *****
 *******
*********

इथं ओळीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी स्पेस, मग स्टार. म्हणून तक्त्यात दोन रकाने.

ओळ १: स्पेस ४, स्टार १
ओळ २: स्पेस ३, स्टार ३
ओळ ३: स्पेस २, स्टार ५
ओळ ४: स्पेस १, स्टार ७
ओळ ५: स्पेस ०, स्टार ९

स्पेसचा फरक उणे १, शून्याव्या ओळीत ५. एन ४ चा तक्ता मांडलास तर तिथं ४ येईल, म्हणजे हा आकडा एनच. स्पेस = एन वजा ओळ. स्टारचा फरक २, शून्याव्या ओळीत उणे १. उणे एक स्टार प्रत्यक्षात छापता येत नाही, पण हिशेबाला तो चालतो. आणि एन काहीही घेतला तरी तो उणे १ च राहतो. स्टार = २ गुणिले ओळ, वजा १.

ओळ = १ ते एन
    कॉलम = १ ते (एन − ओळ)
        स्पेस छाप
    कॉलम = १ ते (२ × ओळ − १)
        स्टार छाप
    नवी ओळ

आत दोन लूप आले, पण ते एकात एक नाहीत, एकामागं एक आहेत. हे लक्षात न आल्यानं मुलं स्टारचा लूप स्पेसच्या लूपच्या आत टाकतात आणि मग पडद्यावर काहीतरी भलतंच उमटतं. तक्त्यात जितके रकाने, तितके आतले लूप, आणि क्रम तोच. उजवीकडच्या स्पेस छापायची गरज नाही, कारण त्यांच्यानंतर त्या ओळीत काहीच येत नाही. वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, स्पेस मोजायची कशाला ओ, ती दिसत तर नाही.’ दिसत नाही, पण स्टारला मध्ये ढकलणारी तीच आहे. सुरुवातीला स्पेसच्या जागी टिंब छापून बघ. आकार एकदम उघडा पडतो आणि कुठली टिंबं जास्त झाली ते डोळ्यांनी मोजता येतं. बरोबर आलं की टिंबाची स्पेस करायची.

एक गोष्ट तुला नक्की छळत असणार. एका पुस्तकात पिरॅमिडला २ गुणिले ओळ वजा १ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यात आतला लूप नुसता ‘१ ते ओळ’ असतो, तरी दोन्ही पिरॅमिडच येतात. दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या पुस्तकात स्टारसोबत एक स्पेस छापलेली असते. स्टार आणि स्पेस मिळून दोन घरं झाली, म्हणून ओळीच्या नंबराइतकेच स्टार पुरतात आणि ते एक आड एक दिसतात. छापायच्या अवतरण चिन्हांत स्टारच्या मागं स्पेस आहे का, हे आधी बघायचं. पाठ केलेले दोन प्रोग्रॅम परीक्षेत एकमेकांत मिसळतात ते इथंच: सूत्र एका पुस्तकातलं, छपाई दुसऱ्यातली, आणि पिरॅमिड उजवीकडं कलंडतो.

आलेला आकार बरोबर आहे का हे तपासायला स्टार मोज. पिरॅमिडमध्ये १, ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांची बेरीज असते आणि ती नेहमी एनचा वर्ग येते. एन ५ ला २५. साध्या त्रिकोणात एन गुणिले (एन अधिक १) भागिले २, म्हणजे १५.

उलटा पिरॅमिड तू स्वतः मांड. मी फक्त उत्तर सांगते, म्हणजे ताडून बघता येईल: स्पेस = ओळ वजा १, स्टार = (२ गुणिले एन) अधिक १, वजा (२ गुणिले ओळ). या आकारात शून्याव्या ओळीचा आकडा एन ५ ला ११ आणि एन ४ ला ९ येतो. एकाच तक्त्यावरून हा ११ कुठून आला हे कुणालाच सांगता आलं नसतं. हिरा हवा असेल तर सरळ पिरॅमिडखाली उलटा पिरॅमिड लावायचा, पण उलट्याची ओळ २ पासून सुरू करायची, नाहीतर मधली नऊ स्टारची ओळ दोनदा छापली जाते.

आता चुका. पडद्यावर काय दिसतं त्यावरून चूक ओळखायला शिक. लॅबमध्ये वेळ थोडा असतो आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून वाचत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. सगळे स्टार एकाखाली एक आले तर ‘नवी ओळ’ आतल्या लूपमध्ये शिरली आहे. सगळे एकाच लांब ओळीत आले तर ती दोन्ही लूपच्या बाहेर पडली आहे. प्रत्येक ओळीत एकच स्टार आला तर आतल्या फॉर लूपच्या कंसानंतर अर्धविराम (;) पडलेला असतो. लूप रिकामाच फिरून संपतो आणि छपाई एकदाच होते. तोच अर्धविराम बाहेरच्या फॉरपुढं पडला तर त्रिकोणात एन ५ ला फक्त एक ओळ येते आणि तीत ६ स्टार. का, तर रिकामा फिरून बाहेर पडताना ओळीचा आकडा एनच्या एक पुढं गेलेला असतो. फॉरऐवजी व्हाइल लूप वापरताना कॉलम दर ओळीला पुन्हा १ करायचा राहिला, तर चौकोनाची पहिली ओळ भरलेली आणि खालच्या सगळ्या रिकाम्या येतात. त्रिकोणात हीच चूक प्रत्येक ओळीत एकेक स्टार देते, म्हणून ती अर्धविरामाच्या चुकीसारखी भासते. व्हाइल आहे की फॉर, एवढं बघितलं की निवाडा होतो. दोन्ही लूपना आय हेच नाव दिलं तर चौकोनाची एकच ओळ येऊन प्रोग्रॅम संपतो. त्रिकोणात मात्र ‘आय हा आयपेक्षा लहान किंवा समान’ ही अट कधी खोटीच होत नाही आणि स्टार थांबायचं नाव घेत नाहीत.

पायथनला गेलीस तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिथं लूपला आकडे पुरवणारी रेंज शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून एक ओळ कमी येते. आणि प्रिंट आपणहून नवी ओळ घेतं, ते थांबवायला सांगावं लागतं. आणखी एक: बरोबर आलेला पिरॅमिड व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवलास की वाकडा दिसतो. चूक प्रोग्रॅमची नसते. तिथल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, आणि स्पेस स्टारपेक्षा अरुंद पडली की शेंडा सरकतो.

तक्त्याची पद्धत हातात बसली की दुसरी पद्धत शीक. पोकळ चौकोनासाठी ती सोयीची पडते. हिच्यात आतला लूप नेहमी पूर्ण फिरतो आणि प्रत्येक घरापाशी आपण प्रश्न विचारतो: इथं स्टार की स्पेस?

ओळ = १ ते एन
    कॉलम = १ ते एन
        जर ओळ १ किंवा ओळ एन किंवा कॉलम १ किंवा कॉलम एन: स्टार छाप
        नाहीतर: स्पेस छाप
    नवी ओळ

‘नाहीतर स्पेस’ विसरली की मधल्या ओळींतले दोन स्टार एकमेकांना चिकटतात आणि चौकोनाची उजवी बाजू डावीकडं येते. मोजायला सोपं: ४ गुणिले एन, वजा ४. एन ५ ला १६ स्टार.

याच पद्धतीनं गुणाकाराची फुली करता येते: ओळ आणि कॉलम सारखे असतील, किंवा दोघांची बेरीज एन अधिक १ असेल, तिथं स्टार. पहिली अट म्हणजे डावीकडून उजवीकडं उतरणारा कर्ण, दुसरी म्हणजे उलटा कर्ण. आणि हिऱ्याचं सूत्र तर मला फार आवडतं. नऊ ओळी, नऊ कॉलम घे, मधलं घर पाचव्या ओळीचं, पाचव्या कॉलमचं. कुठलंही घर मधल्या घरापासून किती ओळी दूर आणि किती कॉलम दूर, या दोन अंतरांची बेरीज ४ किंवा कमी असेल तर स्टार. बस्स, हिरा तयार. अंतर उणे येऊ नये म्हणून चिन्ह टाकून घ्यायचं, सीमध्ये त्याला तयार फंक्शन आहे. एकूण स्टार ४१ यायला हवेत, वरच्या पिरॅमिडचे २५ आणि खालचे १६.

माझं मत विचारशील तर ही पद्धत आधी शिकू नकोस. अटींवर उडी मारलेली मुलं प्रत्येक आकाराला नवी अट शोधत बसतात आणि एका लूपची मर्यादा दुसऱ्यावर कशी अवलंबून असते, हे शिकायचं राहून जातं. ते तर पुढं रोज लागतं. बबल सॉर्ट, म्हणजे आकडे क्रमानं लावायची एक रीत, येईल तेव्हा बघ. पाच आकडे लावायचे तर पहिल्या फेरीत चार तुलना, मग तीन, मग दोन, मग एक. हा तुझा उलटा त्रिकोणच, स्टारऐवजी तुलना. एकूण १०. त्या वेळी आतल्या लूपची मर्यादा ‘एन वजा ओळ’ का, हे कुणाला विचारावं लागणार नाही.

आकड्यांच्या आकारांत घाबरण्यासारखं काही नाही. लूप तेच, फक्त स्टारच्या जागी काय छापायचं ते ठरवायचं. कॉलम छापलास तर १, १२, १२३ येतं. ओळ छापलीस तर १, २२, ३३३. फ्लॉइडच्या त्रिकोणात आकडे ओळ संपली तरी पुढं चालू राहतात: १, मग २ ३, मग ४ ५ ६. त्यासाठी तिसरं व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) घेऊन ते दोन्ही लूपच्या आधी १ करायचं आणि प्रत्येक छपाईनंतर वाढवायचं. ते बाहेरच्या लूपच्या आत १ केलंस तर वरचा १, १२, १२३ चाच त्रिकोण परत येईल. एखादं व्हेरिएबल कुठं सुरू केलं यावर सगळा आकार बदलतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

पास्कलचा त्रिकोण, ज्यात आतला प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो, मात्र वेळ देऊन करावा असा आहे. हा आकड्यांचा डोंगर आपल्याकडं मेरुप्रस्तार म्हणून माहीत होता. पिंगलाच्या छंदांच्या सूत्रांवर टीका लिहिताना १०व्या शतकात हलायुधानं तो समजावून सांगितला आहे. ओळी आणि कॉलम इथं ० पासून मोज. प्रत्येक ओळीचा पहिला आकडा १. पुढचा आकडा काढायचा तर आत्ताच्या आकड्याला (ओळ वजा कॉलम) नं गुणायचं आणि (कॉलम अधिक १) नं भागायचं. चौथ्या ओळीत १, मग १ गुणिले ४ भागिले १ म्हणजे ४, मग ४ गुणिले ३ भागिले २ म्हणजे ६, मग ४, मग १. गुणाकार आधी, भागाकार नंतर, हा क्रम सोडू नकोस. सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो. ३ भागिले २ आधी केलंस तर १ येतो आणि ६ च्या जागी ४ छापला जातो. पाचव्या ओळीपासून १० सारखे दोन अंकी आकडे येतात आणि उतार बिघडतो, म्हणून प्रत्येक आकड्याला ठरावीक रुंदी देऊन छाप.

आपल्या गावाच्या नावाचा त्रिकोण छापायची हौस सगळ्यांनाच असते. पहिल्या ओळीत पहिलं अक्षर, दुसऱ्या ओळीत पहिली दोन, असा. लांबी कधीही आकड्यात लिहू नकोस, ती स्ट्रिंगकडूनच, म्हणजे त्या शब्दाकडूनच, काढून घे. बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग २०१४ च्या नोव्हेंबरआधी सात अक्षरांचं होतं, आता आठ अक्षरांचं आहे. ज्या प्रोग्रॅममध्ये ७ लिहिलेलं आहे, तो नवं नाव अर्धवटच छापणार. आणि हेच मराठीत करायला गेलीस तर विचित्र चिन्हं उमटतील, त्यानं घाबरून जाऊ नकोस. ‘बेळगाव’ आपल्याला चार अक्षरी दिसतं. पण युनिकोडमध्ये मात्रा आणि काना वेगळे धरून त्याची सहा चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. सी एकेक बाइट छापतं, त्यामुळं अक्षर मध्येच तुटतं. कन्नडमध्ये छापलंस तरी हेच होईल. पहिल्या वर्षाला हा प्रयोग इंग्रजी अक्षरांवरच कर.

सरावाचा क्रम मी असा सांगेन. चौकोन, त्रिकोण, उलटा त्रिकोण, मग उजवीकडं टेकलेला त्रिकोण, मग पिरॅमिड. इथपर्यंत प्रत्येक आकाराचे दोन तक्ते वहीत आणि शून्यावी ओळ मांडूनच. तक्ता मांडायला संगणक लागत नाही, खानापूरच्या बसमध्ये बसून मांडता येतो. संगणकावर बसलीस की फक्त ताडून बघायचं. लॅबच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या कडेला तक्ता काढ आणि मगच प्रोग्रॅम लिही. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) ‘हाच आकार उलटा कर’ असं विचारलं, तर तुला फक्त तक्त्यातले आकडे बदलायचे असतील.

त्यानंतर पोकळ पिरॅमिड कर, पण अटींच्या पद्धतीनं नको, तक्त्यानं. ओळीत आता चार गोष्टी येतील: बाहेरच्या स्पेस, एक स्टार, आतल्या स्पेस, पुन्हा एक स्टार. आतल्या स्पेस दुसऱ्या ओळीत १, तिसऱ्या ओळीत ३, चौथ्या ओळीत ५, म्हणजे २ गुणिले ओळ, वजा ३. पहिल्या ओळीला हे सूत्र उणे १ देतं आणि तिथं स्टारही एकच आहे. शेवटची ओळ तर पूर्ण भरलेली. या दोन ओळींचं काय करायचं ते तू ठरव आणि कुठं अडलीस तर मला प्रोग्रॅम न पाठवता आधी तक्ता पाठव. चूक बहुतेक वेळा त्यातच सापडते.